काटोलचे भाऊ

डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळ.

हजर: मी. माझी मुलगी. मुलीची मैत्रीण, ही फोटो काढते. आणि काटोलहून पहिल्या बसने आलेले एक संत्रा बागायतदार, ज्यांच्याशी माझं लग्न ठरलं होतं.

म्हणजे नवरी मी. वय बावन्न. मुलगी दुसरीत असताना नवरा गेला. तेव्हापासून घर मी एकटीने चालवलं. लकडगंजमधल्या एका लाकडाच्या डेपोत ऑर्डरी आणि हिशेब मी बघते. कामं लिहून काढायची आणि झालं की त्यावर रेघ मारायची, ही सवय तिथलीच. लग्नाचीही यादी केली होती आणि ती चांगली पुढे सरकत होती. विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस देऊन झाली होती. महिना भरला की तारीख घ्यायची, साक्षीदार ठरलेले, जेवण घरीच, माणसं मोजकी. त्या यादीत फोटो नव्हते. ते मुलीने घातले.

"स्टुडिओ नको, तलावाकाठी धूर सोडून काढतात तसले नको," ती म्हणाली. "तुम्ही दोघं एरवी जिथे असता तिथेच काढू. नवरीचे फोटो, पण मोकळे."

"एरवीच्या जागी नवरीसारखं नटून कोण जातं?"

"कोणी जात नाही म्हणूनच तर."

मी हो म्हटलं, कारण या लग्नासाठी तिने बरंच केलं होतं. माझ्या भावाला तिने सांगितलं. माझ्या मोठ्या जावेला तिनेच फोन केला आणि अर्धा तास तिचं ऐकून घेतलं. शेजारच्यांना तिने जिन्यात गाठून सांगितलं. मी त्या त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी करत असायचे. 'मी लग्न करते आहे' हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने एकालाही म्हटलं नव्हतं. कामाची वाटणी झाली आहे, असं मी समजत होते.

दुसरी अडचण हाक मारण्याची होती. हे गृहस्थ दर हंगामात आमच्या डेपोत संत्र्याच्या पेट्यांसाठी फळ्या न्यायला यायचे. नागपुरात गिऱ्हाईक असो, रिक्षावाला असो की साहेब असो, आपण 'भाऊ' म्हणतो. मीही म्हणत आले. "या भाऊ, बसा भाऊ, पावती घ्या भाऊ." ते मला 'मॅडम' म्हणायचे. पुढे बाजारात प्लास्टिकचे क्रेट आले, लाकडी पेट्या मागे पडल्या, तरी ते येत राहिले. एका दुपारी काउंटरवर संत्र्यांची पिशवी ठेवून म्हणाले, "मॅडम, दोन सालापासून मले फळ्या लागत नाही. तरी मी येऊन राहिलो. तुमच्या ध्यानात आलं का?"

ध्यानात आलं नव्हतं. मी रजिस्टर उघडून त्यांची शेवटची ऑर्डर शोधायला लागले होते.

लग्न ठरल्यावर ते 'मॅडम'च म्हणत राहिले, त्यात काही बिघडत नव्हतं. मला मात्र 'भाऊ' सोडावं लागलं आणि त्या जागी ठेवायला दुसरा शब्द सापडेना. "अहो" म्हणायला जीभ वळेना. म्हणून मी त्यांना हाकच मारत नव्हते. समोर जाऊन उभी राहायची आणि बोलायला सुरुवात करायची.

तर फोटो. जागा तीन ठरल्या: माझा डेपो, जरीपटक्याचा भाजीबाजार आणि बसस्टँड, जिथे ते दर वेळी उतरतात. कुठे किती वेळ, ऊन कुठून येणार, गाडी कुठे लावायची, सगळं मी आखून दिलं. काही अटीही घातल्या. 'नवरी, इकडे बघा' असं भर रस्त्यात ओरडायचं नाही. मुंडावळ्या फक्त डेपोत, बंद फाटकाच्या आत. साडी मेंदी रंगाची, बारीक काठाची, पुढे ऑफिसच्या कार्यक्रमालाही चालेल अशी. या अटींना मी नियोजन म्हणत होते. लाज वाटत होती म्हणून त्या घातल्या, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

डेपोची चावी मालकांकडून आदल्या दिवशी घेतली. ते म्हणाले, "रविवारी काय काम काढलं?" मी म्हटलं, "मुलीला फोटो काढायचे आहेत." ते म्हणाले, "हो हो, काढू द्या." वाक्य अक्षराअक्षराने खरं होतं. अशी वाक्यं बनवण्यात माझा हात बसलेला आहे.

डेपोतली सकाळ छान गेली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं लिहिल्यावर ते पुसलं जाईल. फाटक आतून लावलं. सागाचे ओंडके थराथरांनी रचलेले, त्यांच्या कापलेल्या तोंडांवर खडूने मापं लिहिलेली, त्यातली बरीचशी माझ्याच अक्षरात. आरा मशीन बंद, त्यामुळे इतकी शांतता की चिमण्या भुशात उतरल्या होत्या. मुलीने माझ्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. हातात हिरवा चुडा तिने घरीच भरला होता. एवढ्या वर्षांनी हातात बांगड्या वाजायला लागल्या की दर वेळी मला वाटायचं, मागून कोणीतरी येतं आहे.

फोटोवाली मुलगी भुशात मांडी घालून बसली. प्रकाश परतवायला तिने घरची जुनी पांढरी चादर आणली होती, ती माझ्या मुलीने दोन्ही हातांत ताणून धरली.

"काकू, पोज नका देऊ. रोज करता तेच करा."

"रोज मी ओंडके मोजते."

"तर मोजा नं! काका, तुम्ही टेपचं दुसरं टोक धरा."

आम्ही टेप धरला. मी नवरीच्या वेशात, ते नव्या कुर्त्यावर जुनं जाकीट घालून. थोडा वेळ दोघंही गंभीरपणे सागवान मोजत होतो.

"मॅडम, टेप ढिला सोडून राहिल्या तुम्ही," ते म्हणाले. "माल कमी भरन."

"माझ्या डेपोत माल कमी भरत नाही."

"म्हणून तं आम्ही इथूनच नेलं सारं. आता तं मॅडमच घेऊन चाललो."

"डिलिव्हरी चार्ज वेगळा," मुलगी चादरीमागून म्हणाली.

मी तोंड उघडून हसले. मी फोटोत कधी दात दाखवत नाही, पुढचे दोन थोडे पुढे आहेत. "हेच! काकू, हेच!" असं ओरडत ती मुलगी गुडघ्यांवर पुढे सरकली. मग तिने ओंडक्यांच्या मधल्या फटीतून काढले, फाटकाच्या गजांतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यांत काढले, मला ओंडक्यांच्या ढिगावर चढवून काढले. चढताना त्यांनी हात दिला तो मी धरला, आणि वर पोचल्यावर लगेच सोडला नाही. फाटक बंद होतं.

डेपोतून निघाल्यावर गाडीत बसताच मी मुंडावळ्या सोडल्या, रुमालात गुंडाळल्या आणि पर्समध्ये टाकल्या. मुलगी गाडी चालवत होती. आरशात तिने पाहिलं.

"काढल्यास?"

"भाजी घ्यायला मुंडावळ्या कशाला? ठरलं होतं तसंच करते आहे."

"आणि बांगड्या?"

"बांगड्या आहेत ना."

बांगड्या होत्या, कारण साबण लावल्याशिवाय त्या निघाल्या नसत्या. मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि हात आत घेतले. थंडी होतीच. शेजारी बसलेले ते खिडकीतून बाहेर बघत होते.

आता त्या बाजारातल्या मावशीबद्दल सांगायला हवं. जरीपटक्याला राहायला आल्यापासून मी भाजी एकाच बाईकडून घेते. तिला सगळे मावशी म्हणतात. नवरा गेल्यावर पहिल्यांदा पिशवी घेऊन बाजारात गेले तेव्हा ओळखीच्या चार बायकांनी नजर चुकवली. या मावशीने मोठ्याने हाक मारली, पिशवीत वांगी भरली, वर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट टाकली आणि म्हणाली, "पोरीले चांगलं खाऊ घाल." तेव्हापासून दर रविवारी सांभार फुकट मिळतो. दरवर्षी केव्हातरी, बहुतेक मुलीचा निकाल लागला की, ती शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "हे ताई पाह्य. पोरीसाठी राहिली. दुसरी असती तं केव्हाच दुसरं घर केलं असतं."

ते मला आवडायचं. लिहायला जड जातं, पण आवडायचं. भाजीबरोबर मी ते घरी घेऊन जायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच बाजारात येणाऱ्या एका शिक्षिकेने उतारवयात लग्न केलं. तेव्हा मावशीने वजनाच्या काट्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "अव माय, नातू खेळवायच्या वयात हळद लावून राहिली!" मी हसले होते. नुसतं ऐकून घेतलं असं नाही, हसले होते.

हे सगळं माहीत असताना मी फोटोसाठी तोच बाजार निवडला होता. कारण ऊन तिथे चांगलं येतं आणि गाडी लावायला जागा आहे.

मुलगी गाडी लावायला पुढे गेली. आम्ही तिघं उतरलो. फोटोवालीने मागे राहून लांबूनच काढायचे असं ठरलं होतं. मी दर रविवारी घेते तशी भाजी आम्ही दोघांनी घ्यायची. तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग, मेथी, पालक, पोत्यावर पसरलेला सांभार. ऊन अगदी मावशीच्या गाळ्यावर येत होतं. दुसरीकडे वळावं असा विचार मी करते आहे तोवर तिने पाहिलं.

"अव माय! ताई! आज काय हाये वं? साडी काय, फोटोवाली काय!"

"काही नाही मावशी, असंच."

"असंच म्हणे. मले येडी समजते का? लगन काढलं ना पोरीचं? सांगितलं नाही वं मले, लपवून राहिली!" तिने शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. "पाह्य, ताईच्या पोरीचं लगन हाये." मग मान लांब करून माझ्या मागे बघितलं. "आन् नवरी कुठं हाये?"

सांगायचं ते एका शब्दात मावत होतं. पदर बाजूला करून हात पुढे केला असता तर शब्दही लागला नसता.

"येऊन राहिली," मी म्हटलं.

घरात मी अशी बोलत नाही. बाजारात गेलं की मावशीची भाषा तोंडात येते. मुलगी गाडी लावून खरंच येत होती, म्हणून वाक्य पुन्हा खरं होतं. मावशी खुश झाली. मग तिचं लक्ष माझ्या शेजारी गेलं. ते हातात आमची पिशवी घेऊन उभे होते.

"आन् हे कोण?"

मी आठवडेच्या आठवडे ज्या शब्दाला वाट करून देत नव्हते, तो अचानक समोर आला. दुसरा कोणता तयार नव्हता.

"हे काटोलचे भाऊ."

"भाऊ!" मावशीने दोन्ही हात जोडले. "म्हणजे पोरीचे मामा! या मामा, या. बहिणीच्या घरचं कार्य, पिशवी धराले लागलेच का? बराबर हाये, मामानंच धरा लागते."

मी काहीतरी म्हणणार होते, पण तेवढ्यात मुलगी आली. मावशीने तिला हाताला धरून गाळ्याच्या आतच ओढलं.

"ओढणी पसर पोरी. नारळ नाही माह्यापाशी, शेंगाच घे. ओटी रिकामी नाही जाऊ देत मी." आणि तिने दोन ओंजळी भरून तुरीच्या शेंगा माझ्या मुलीच्या ओढणीत टाकल्या. "भरल्या घरी जाजो. सासू काही म्हणाली तं मले सांगजो, इथूनच शिव्या देतो तिले."

मुलीने ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई?" एवढंच म्हणाली. ती थांबली. तिने एरवी सगळ्यांना सांगितलं होतं, इथेही ती सांगू शकत होती. पण ती थांबली, हे मला स्पष्ट कळलं, आणि मी वजनाच्या काट्याकडे बघत राहिले.

"घ्या मामा, तुम्ही बी घ्या," म्हणून मावशीने एक ओंजळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि देवळात घेतात तशा दोन्ही हातांत शेंगा घेतल्या. "नवरीले मांडवात तुम्हीच आणसान ना? हाताले घट्ट धरजा बरं मामा. आजकालच्या पोरी पळून जाते."

"तेच पाहून राहिलो मावशी," ते म्हणाले. "पळते का थांबते."

मावशी आणि तिची शेजारीण खूप हसल्या. फोटोवाली मुलगी समोरच्या बाजूने कॅमेरा लावून उभी होती. तिला इतक्या लांब काही ऐकू येत नव्हतं. तिच्या दृष्टीने सगळं उत्तम चाललं होतं: ऊन, हिरव्या शेंगा, हसणारे लोक.

"मावशी, अर्धा किलो वांगी द्या," मी म्हटलं.

तिने पैसे घेतले नाहीत. लग्नघरच्या माणसांकडून आज नाही घेत, म्हणाली.

गाडीकडे जाताना मुलगी माझ्या पुढे चालत होती. शेंगांची ओढणी तिने पोटाशी धरली होती. गाडीपाशी पोचल्यावर वळली.

"माझं लग्न कधी ठरलं?"

"अगं, ती बोलतच सुटली. मला मधे शिरायला मिळालं नाही."

"तुला? डेपोत तू ट्रक ड्रायव्हरला मधे बोलू देत नाहीस."

"गर्दी किती होती. भर बाजारात कुठे समजावत बसणार?"

"समजावायचं काय होतं त्यात? आणि यांना मामा करून टाकलंस!"

"मी मामा म्हटलं नाही. भाऊ म्हटलं. सगळेच म्हणतात."

ते आमच्यामध्ये आले आणि हातातल्या शेंगा तिच्या ओढणीत टाकल्या. "राहू दे पोरी. मॅडमनं सकाळपासून काही खाल्लं नाही. चला, स्टँडवर पोहे खाऊ."

बसस्टँडवर जायचं ठरलेलंच होतं आणि ठरलेलं मी पार पाडते. पोहे खाल्ले. फोटोवालीला आता काहीतरी कळलं होतं, कारण ती एकदम हळू बोलायला लागली. तिने आम्हाला काटोलच्या बसच्या फलाटावरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "मी तिकडे लांब जाते. तुम्ही बसा, म्हणजे, बसची वाट बघा." मुलगीही चादर घेऊन तिच्यामागे गेली.

त्यांनी जाकिटाच्या खिशातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. बाजूला एक कुटुंब गोणीवर बसून डबा खात होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"भाऊ म्हटलं त्याचं मले काही नाही. अख्खं नागपूर मले भाऊ म्हणते. कंडक्टरबी म्हणते. तुमच्या तोंडात ते बसलं आहे, निघन हळूहळू. पण 'येऊन राहिली' काहून म्हटलं?"

"मुलगी येतच होती."

"तिनं नवरी विचारली होती."

मी संत्र्याच्या फोडींवरचे धागे काढत बसले. मग मी कारणं सांगितली. ती बाई बडबडी आहे. बाजारात पसरायला वेळ लागत नाही. मला तिथे दर आठवड्याला जायचं असतं. हळूहळू सांगता आलं असतं. ते सगळं ऐकून घेत होते, आणि मला कळत होतं की मी मालकांसमोर उशिराच्या डिलिव्हरीची कारणं देते तशी देते आहे.

"माह्या गावात मी सलूनात सांगितलं," ते म्हणाले. "दाढी अर्धी झाली होती, उठूनही जाता येत नव्हतं. लोक हसले. एक जण म्हणते, आता या वयात काय पेट्या भरतं गा? मी म्हटलं, भरतो."

"मग?"

"मंग काय. हसून झालं त्याइचं, न्हाव्यानं उरलेली दाढी केली." त्यांनी साली गोळा करून रुमालात बांधल्या. "मले हसण्याचं नाही वाटत मॅडम. पण मी आज तिथं उभा होतो आणि नवरी आली नाही. पहिल्या बसनं निघालो होतो तिच्यासाठी."

बस लागली. लोक उठून दाराकडे धावले. ते बसून राहिले.

"तारीख तुम्हीच घ्या," ते म्हणाले. "मले घाई नाही. पण आधी त्या बाईले सांगा. तिले सांगितलं का मले फोन करा. मी येतो."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तं काय. संत्रे आणून देत जाईन, देतो तसेच. भाऊ म्हणून."

ते उठले, पिशवी माझ्याजवळ नीट टेकवून ठेवली आणि बसमध्ये चढले. खिडकीची जागा मिळाली नाही, उभेच राहिले. मी हात केला तेव्हा बांगड्या वाजल्या आणि गोणीवरच्या बाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हात खाली घेतला. तेवढा वेळही मला तो वर धरवला नाही.

फोटो आठवड्याभरात आले. मुलीने ते मोबाइलवर दाखवले, एक एक करून. डेपोतले खरोखर चांगले आहेत. ओंडक्यांच्या गोल तोंडांपुढे मी टेप धरून दात दाखवून हसते आहे, मुंडावळ्यांची लोंबणारी टोकं हलून धूसर आली आहेत, आणि ते टेपकडे न बघता माझ्याकडे बघत आहेत. लग्न अशा दोन माणसांचं व्हायला हवं, असं कोणालाही वाटेल. मी तो फोटो अजून एकालाही पाठवलेला नाही.

बाजारातले नऊ-दहा आहेत. एकात सगळे आले आहेत. मावशी शेंगांची ओंजळ वर धरून हसते आहे, मुलगी ओढणी पसरून उभी, ते दोन्ही हात पुढे करून. मधे मी, पदराच्या आत हात घेतलेली, हात नसल्यासारखी. मला वाटलं होतं माझ्या चेहऱ्यावर निदान काहीतरी अपराधी दिसेल. तसं काहीच नाही. घरच्या कार्यात राबणाऱ्या, सगळं वेळेवर होतं आहे ना हे बघणाऱ्या बाईचं नीटनेटकं हसू आहे. ते बघून मला जी लाज वाटली, ती त्या दिवशी बाजारातही वाटली नव्हती.

"हा काढून टाकायला सांग तिला," मी मुलीला म्हटलं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं, मग एक कर. तू जाऊन मावशीला सांग. तुझं ऐकेल ती."

मुलीने फोन बंद करून टेबलावर उलटा ठेवला. "आई, माझ्या खऱ्या मामाला मी सांगितलं. काकूला सांगितलं. जिन्यात उभी राहून अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. हे नाही सांगणार. लग्न माझं आहे, असं तू तिला सांगितलं आहेस. आता मी कशी जाऊ?"

पुढच्या रविवारी मी दुसऱ्या गल्लीतून भाजी आणली. महाग आणि शिळी. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग एकदा ठरवून मावशीकडे गेले. वाक्य घरूनच तयार केलं होतं, 'मावशी, नवरी मी आहे,' आणि ते लांबलचक नव्हतं. हातात बांगड्या घातल्या होत्या, पदर नेहमीसारखा घेतला होता.

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "ताई! होतीस कुठं वं? झालं का लगन?"

"नाही अजून. तारीख व्हायची आहे."

"होईन, होईन. आन् मामा कसे हाये? लय चांगला माणूस वं तुहा भाऊ. गरीब गाय. असा भाऊ नाही भेटत कोणाले. त्याच्या जिवावरच तू राहिली असशीन इतके साल."

मी "हो" म्हटलं.

'हो' म्हटलं, मेथी घेतली, तिने वरून सांभार टाकला, मी तोही घेतला आणि घरी आले. आदल्या वेळी निदान म्हणता येत होतं की ती बोलत सुटली, गर्दी होती, शब्द निसटला. या वेळी गर्दी नव्हती. शेजारीणही नव्हती. मावशी उत्तराची वाट बघत माझ्याकडे बघत होती.

ते अधूनमधून फोन करतात. मृग बहाराच्या संत्र्यांचं सांगतात, थंडी किती पडली ते सांगतात, "जेवल्या का मॅडम?" विचारतात. त्या बाईचं एकदाही विचारत नाहीत. मीही काढत नाही. अजून मी त्यांना हाक मारत नाही, फोनवर तर त्याची गरजच पडत नाही. मी सरळ "बोला" म्हणते. मागच्या फोनवर बोलणं संपताना ते म्हणाले, "ठेवतो मंग." मी म्हटलं, "ठेवा." त्यांनी ठेवल्यावरही मी फोन कानाला धरून उभी होते.

नोटीस तीन महिनेच चालते, ती मुदत फेब्रुवारीत संपते. त्याआधी तारीख घेतली नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून: नवा अर्ज, नवी नोटीस, पुन्हा महिनाभर थांबणं. पुन्हा अर्ज करू या, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि मी म्हटलं तरी ते पहिल्या बसने येतील का, हे मला आता सांगता येत नाही.

आज शनिवार. साक्षीदारांची कागदपत्रं फाइलला लावून झाली. जेवणाचं सांगून ठेवलं, तारीख नंतर कळवते म्हटलं. साडीला फॉल-बीडिंग झालं. उद्या सकाळी बाजार. मावशीला सांगायचं आहे. त्यानंतर काटोलला फोन, त्यानंतर तारीख.